पूजेपुरती काढलेली जाळी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी जाळी आहे, आणि तुमच्यापुढे यायला मला लाज वाटते. मी कुणाला ओरबाडलं नाही, कुणाच्या पायावर पडले नाही, गंजून मोडलेसुद्धा नाही. तरी माझी मान खाली आहे. जिथे मी असायला हवं होतं तिथे मी नव्हते, आणि जिथे होते तिथे माझं कौतुक चाललं होतं. हे दुःख फार विचित्र असतं.

जाळी म्हटल्यावर तुम्हांला खिडकीची जाळी आठवेल. मी तसली नव्हे. मी राइस मिलच्या चाकावरची जाळी. आमच्या गोंदिया जिल्ह्यात भातगिरणी असं कुणी म्हणत नाही, राइस मिलच म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणते. मिलमध्ये तांदूळ पांढरा करणारं एक यंत्र असतं, त्याला पॉलिशर म्हणतात. त्याला एक भलंमोठं चाक. समोर मोटर, तिला एक लहान चाक. आणि दोन्ही चाकांवरून सतत पळणारा रबरी पट्टा. पट्टा चाकाला जिथे येऊन भेटतो तिथे एक चिमटा तयार होतो. त्या चिमट्यात कापडाचं टोक गेलं की कापड ओढलं जातं, आणि कापडामागे जे काही असेल तेही. तो चिमटा आणि माणूस यांच्या मध्ये उभं राहायचं, एवढंच माझं काम. त्यात मिरवण्यासारखं काही नाही. मी माझं काम चोख केलं तर काहीच घडत नाही. आणि जे घडलंच नाही त्याबद्दल शाबासकी कोण देणार?

माझा जन्म गोंदियाच्या एका बोळातल्या वेल्डिंगच्या दुकानात झाला. दुकान उदारामचं. उदाराम तोंडाचा फटकळ, पण हाताचा पक्का. त्याने काटकोनात वळलेल्या लोखंडी पट्ट्या कापून माझी चौकट केली, तिच्यावर जाळी ताणून बसवली आणि मग माझ्या एकेका भोकात बोट घालून पाहिलं. दुकानातला दुसरा कारागीर हसला, तेव्हा उदाराम त्याच्यावर खेकसला, "हासतं काऊन गा? भोकातून बोट गेलं त जाऊ दे, पर चाकाले नाई लागलं पायजे. तेवढी दूर बसवाची रायते जाळी." मला तेव्हा वाटलं होतं, किती काळजीने घडवलंय मला! पण माझ्यात एक खोट राहूनच गेली. उदारामने चाकाचं माप घेतलं, अंतराचं माप घेतलं, पण त्या चाकाजवळ रोज काम करणाऱ्या माणसाला मात्र कुणी काही विचारलं नाही. ना उदारामने, ना मला घडवायला सांगणाऱ्या मिलमालक मुन्नालालशेठने. मी चार बोल्टांवर बसले. मला कुठे खिडकी नव्हती, झडप नव्हती. ही खोट पुढे फार महागात पडली.

तिरोड्याच्या रस्त्याला ती मिल आहे. मिलचा मिस्तरी केवळराम. नुसत्या आवाजावरून पट्टा ढिला आहे की ओला, हे तो ओळखायचा. हवा दमट असली की पट्टा चाकावरून घसरायचा आणि कण्हल्यासारखा आवाज करायचा. मग पट्ट्यावर राळ टाकावी लागे. राळ चिकट असते, तिने पट्टा चाकाला धरून राहतो. पण राळ टाकायची म्हणजे मोटर बंद करा, माझे चारही बोल्ट काढा, मला बाजूला उचलून ठेवा, राळ टाका आणि पुन्हा मला चढवा. केवळराम हे सगळं करायचा, पण कुरकुरत. पाना हातात घेतला की तो मला म्हणायचा, "तुह्यापायी माहा चहा थंडा होते." तो हे रागाने म्हणत नसे, पण मला वाईट वाटायचं. मी त्याच्या कामात लुडबुडते आहे असं वाटायचं. काम करणाऱ्याला जी राखण अडचणीची वाटते ती फार दिवस जागेवर राहत नाही, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

त्या वर्षांत माझं कौतुक झालं ते एकदाच. एक कोंबडी दाण्यामागे पळत पळत मिलमध्ये शिरली आणि पट्ट्याकडे झेपावली. माझ्यावर आदळून ती कलकलत बाहेर पळाली. केवळराम पोट धरून हसला आणि त्याने माझ्या चौकटीवर एक थाप मारली. ती थाप मी बरेच दिवस जपून ठेवली होती.

मग तो दसरा आला.

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. मिल बंद असते, सगळी यंत्रं पुसून चकचकीत करतात, झेंडूच्या माळा घालतात, नारळ फोडतात. दर वर्षी मला पूजेपुरती काढत, कारण हळदकुंकू लावायचं ते चाकाला, मला नव्हे. मला त्याचा कधी हेवा वाटला नाही. पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर सुरू करण्याआधी केवळराम मला परत चढवायचा. त्या वर्षीही त्याने मला उचललं. तेवढ्यात मुन्नालालशेठ आत आले. चाकावर हळदीकुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक होतं. ते पाहून शेठ म्हणाले, "भगवान के मुँह पर कोई ढक्कन लगाता है क्या, मिस्तरी? रहने दो दो-चार दिन."

केवळरामने हातातला पाना खाली ठेवला. "होय ना जी. कुंकू उडलं का लावून देतो."

कुंकू पहिल्याच तासात उडालं. पट्ट्याने ते पार पुसून नेलं. पण नवीन धान येऊ लागलं होतं, बाहेर ट्रॅक्टर रांगेत उभे होते, आणि दो-चार दिवस तसेच लांबत गेले. त्यात केवळरामच्या लक्षात आलं की मी नसले तर मिल चालू ठेवूनच पट्ट्यावर राळ टाकता येते. बोल्ट नाही, थांबणं नाही, चहाही गरम. शेठही खूश. "मिस्तरी का हाथ बड़ा साफ है," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे. उघड्या चाकाशी हात खेळवणं ही कलाकारी ठरली. मला त्यांनी मागच्या आवारात निंबाच्या खोडाला टेकवून ठेवलं. कुणी मला फेकून दिलं नव्हतं. सगळे म्हणायचे, पूजेपुरती काढली आहे, लावू.

आता अन्नपूर्णेबद्दल सांगते, कारण ही गोष्ट खरं तर तिची आहे. अन्नपूर्णा मिलमध्ये झाडलोट करायची. यंत्राखाली कोंडा साठतो, तो झाडून पोत्यात भरायचं तिचं काम. तिचा नवरा गुलाब तिथेच पोती वाहायचा, आणि दोघं मिलमागच्या खोलीत राहायचे. दसऱ्याला ती मिलमध्ये नव्हती. त्या दिवशी तिच्या वस्तीतली माणसं पांढरे कपडे घालून रेल्वेने नागपूरला दीक्षाभूमीवर जातात, तीही गेली होती. म्हणून मला चाकावरून उतरवलेलं तिने पाहिलं नाही. त्याआधी कामावर असताना ती माझ्याजवळून रोज जायची, पण मान खाली घालून झाडणाऱ्या बाईला काळ्या कोंड्याने माखलेली जाळी कुठे दिसणार? तिच्या लेखी तो यंत्राचाच एक भाग होता. परत आल्यावर तिला निंबाखाली एक मोकळी जाळी दिसली. तिच्या कोंबडीने नुकतीच पिल्लं काढली होती आणि एक मुंगूस रोज त्यांच्या मागावर होतं.

ती केवळरामकडे गेली. "मिस्तरी, मांगं ते जाळी पडून हाये, ते माह्या पिल्लाइवर झाकू का जी? मुंगूस लय बेजार करून रायलं."

"ने ना बाई," केवळराम म्हणाला. "लागली त मांगून घेईन."

तर मी कोंबड्यांचं डालगं झाले. मित्रांनो, मी सुखी झाले होते, हेच मला आज सांगवत नाही. पिल्लं माझ्या खाली चिवचिवायची. मुंगूस येऊन मला नखं मारून परत गेलं, तेव्हा मी मनातल्या मनात फुशारले. सकाळी अन्नपूर्णा यायची, मला एका बाजूने उचलून हात आत घालायची आणि कणी टाकायची. पिल्लं तिच्या बोटांवर चढायची. ती त्यांच्याशी बोलायची आणि माझ्यावरून हात फिरवून म्हणायची, "लय कामाची हायेस वो तू." मी चाकावर होते तेव्हा असं मला कुणी म्हटलं नव्हतं. आणि हे म्हणून ती उठायची, मिलमध्ये जायची आणि तोच हात उघड्या चाकाखाली घालून कोंडा ओढायची. मी बाहेर तिच्या पिल्लांची राखण करत होते. भिंतीच्या आत तिची राखण करायला कुणीच नव्हतं.

एक दिवस आतून मोठा हशा ऐकू आला. झालं असं होतं की पट्ट्याने अन्नपूर्णेच्या हातातला झाडू ओढून नेला होता. झाडूच्या काड्या सगळ्या मिलभर उडाल्या. गुलाबने तर तिची नक्कल करून दाखवली, कशी दचकली, कशी मागे पडली. तीही पदर तोंडाला लावून हसत होती. केवळराम म्हणाला, "झाडू गेला त गेला, तुमी नोका जाजा." त्यावर पुन्हा हशा. त्या हशात कुणालाही वाटलं नाही की चाकाने आज झाडू खाल्ला, म्हणजे आपल्याला इशारा दिला. मला वाटलं. पण मी जाळी. मला तोंड असून नसल्यासारखं.

शेठच्या कानावर झाडूची गोष्ट गेली. मी त्यांना वाईट म्हणणार नाही, त्यांनी मनावर घेतलं. दुसऱ्याच दिवशी ते गोंदियाच्या बाजारातून जाड सुती हातमोजे घेऊन आले आणि सगळ्यांना वाटले. "लो, अब सेफ्टी हो गई!" म्हणाले. मजुरांना हातमोजे आवडले. थंडीत ऊब, पोत्यांनी हात सोलायचे तेही थांबलं. अन्नपूर्णेला मात्र ते मोठे झाले. बोटांची टोकं रिकामी लोंबायची. ती मूळची जपून वागणारी बाई. हातमोजा काम करताना गळून यंत्रात पडू नये म्हणून तिने मनगटाशी त्याला सुतळी बांधली, घट्ट गाठ मारून. पिल्लांना कणी टाकताना ती गाठ मी जवळून पाहिली. मला ती गाठ आवडली नाही.

इथेच सगळ्यांचं चुकलं. त्यांनी हात झाकला, चाक नाही.

तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. मिल भरात चालली होती. मी बाहेर होते, म्हणून मी काही पाहिलं नाही, फक्त ऐकलं. पट्ट्याचा एकसुरी आवाज मध्येच अडखळला. मग एक किंकाळी. मग केवळरामची, "बंद करा! बंद करा रे!" अशी आरोळी. मग मोटर गप्प झाली. चालती मिल अशी एकाएकी बंद पडली की फार भयानक शांतता होते. माझ्याखालची पिल्लंसुद्धा चिडीचूप झाली. त्या शांततेत मला गुलाबचं रडणं ऐकू आलं.

लोंबणारं ते रिकामं टोक पट्ट्याने धरलं होतं. सुतळी घट्ट होती, हातमोजा निघाला नाही. अन्नपूर्णेच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि तिसरं वाकडं झालं. शेठनी तिला स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं आणि तिच्या घरच्यांबरोबर तेही तिथेच बसून राहिले. संध्याकाळी पिल्लं भुकेने ओरडत होती. त्यांना दाणे टाकायला कुणीच आलं नाही.

यापुढे जे झालं त्याची लाज मला सगळ्यात जास्त वाटते. कारखान्यांची तपासणी करणाऱ्या सरकारी अधिकारी बाई येणार असल्याचा निरोप आला आणि मिलमध्ये धावपळ उडाली. "जाली कहाँ है? वो जाली ढूँढो पहले!" शेठ ओरडत होते. पिल्लं हुसकावली गेली. मला नळाखाली धुतलं. कोंबड्यांची घाण नीट निघालीही नव्हती, तोवर वरून पिवळाजर्द रंग फासला. केवळरामने मला चाकावर चढवलं. बोल्ट आवळताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि त्याने पाहू नये असंच मलाही वाटत होतं. माझी जागा मला मिळाली होती, पण मी तिथे राखण करायला नव्हते. खोटी साक्ष द्यायला उभी होते. मी सगळ्या मिलमध्ये चमकत होते. लोखंडाला पाणी पाणी होता येत नाही, नाहीतर मी तिथेच वितळले असते.

अधिकारी आल्या. रुची मॅडम त्यांचं नाव, वयाने तरुण, बोलणं शांत. अन्नपूर्णेलाही बोलावलं होतं. पट्टी बांधलेला हात पदराखाली दडवून ती दाराशी उभी होती. तिच्यापासून थोडा दूर गुलाब.

"गार्ड तो पहले से लगा है, मैडम," शेठ म्हणाले. "दस्ताने भी दिए थे. बाई ने ही हाथ डाल दिया, क्या करें."

मॅडम केवळरामकडे वळल्या. केवळराम मागे सरकून कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. मग त्यांनी अन्नपूर्णेला जवळ बोलावलं. "ताई, घाबरू नका. तुम्हांला लागलं त्या दिवशी ही जाळी इथे होती का?"

अन्नपूर्णेने माझ्याकडे पाहिलं. पिवळ्या रंगात तिने मला आधी ओळखलंच नाही. ती आणखी जवळ आली. मग तिचा चेहरा एकदम बदलला. तिला काय वाटलं असेल ते मी आजही विसरू शकत नाही. ज्या वस्तूवरून ती रोज मायेने हात फिरवायची, ती या चाकाची होती हे तिला त्या क्षणी कळलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"नव्हती मॅडम," ती म्हणाली. "चूक माहीच हाये जी. हे जाळी मीच नेली होती, माह्या पिल्लाइवर झाकाले. मले का मालूम का हे चाकाची हाये. मीच नेली अन् माहाच हात गेला."

शेठचं खोटं एका क्षणात उघडं पडलं. कुणी धीटपणे सत्य सांगितलं म्हणून नव्हे. त्या बाईने सगळा दोष स्वतःच्या डोक्यावर घेतला म्हणून. आणि शेठना वाटलं, हेही चालेल. "देखिए मैडम, खुद मान रही है." गुलाबही पुटपुटला, "हिलेच कोंबड्याइचं भारी वेड." गुलाबची रोजी त्याच मिलमध्ये होती, हे मला ठाऊक आहे. तरी त्या वाक्याने मला जेवढं लागलं तेवढं मुंगसाच्या नखांनी लागलं नव्हतं. मला ओरडून सांगायचं होतं, तिने मला चाकावरून नेलं नाही हो, मी निंबाखाली पडलेली होते! पण सांगणार कोण?

मॅडमनी वही मिटली. "ताई, इथे किती दिवस काम करता?"

"दोन-तीन हंगाम झाले जी."

"आणि या चाकावर जाळी असायला हवी, असं तुम्हांला आजपर्यंत कुणीच सांगितलं नाही?"

अन्नपूर्णेने नाही म्हणून मान हलवली. मग कोपऱ्यातून केवळरामचा आवाज आला.

"तिनं नाई काढली मॅडम. म्या काढली होती. पूजेपुरती."

पूजेपुरती! किती निरुपद्रवी शब्द. महिनेच्या महिने तो सगळ्यांच्या तोंडी होता. त्या दिवशी पहिल्यांदाच तो म्हणणाऱ्यालाही ऐकवेना. केवळराम तोंड झाकून खाली बसला. शेठनी खिशातून रुमाल काढला आणि ते उगीचच चष्मा पुसत राहिले. त्यांची मान वर होईना.

मॅडम कुणावर ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं, "माणूस दमतो. त्याचं लक्ष उडतं, त्याचा पाय घसरतो. हे आपल्याला आधीपासून माहीत असतं. माणूस चुकणार हे धरूनच चाक झाकायचं असतं. जिथे चुकीची शिक्षा बोटं जाणं ही आहे, तिथे चूक त्या माणसाची म्हणता येत नाही." हातमोज्यांबद्दल त्या शेठना म्हणाल्या, "पोती उचलताना जरूर वापरा. फिरत्या चाकाजवळ कधीच नाही. तुमचा हेतू चांगला होता, पण आधी धोका कुठे आहे ते बघायला हवं होतं." शेठ हळू आवाजात म्हणाले, "मैं तो अच्छे के लिए लाया था." ते खरं होतं, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं.

चाक नीट झाकेपर्यंत मिल बंद ठेवायचा हुकूम झाला. उदारामला बोलावणं गेलं. त्याचे केस पांढरे झाले होते, तोंड मात्र तसंच फटकळ. या वेळी त्याने आधी केवळरामला समोर बसवून विचारलं, "बोल गा, तुले कायची अडचण होते?" आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा केवळरामने सांगितलं. राळेचं, बोल्टांचं, थांबण्याचं. उदारामने मोटर सरकवून पट्टा ताणायची सोय केली, म्हणजे राळ सहसा लागूच नये. मला त्याने बिजागरीवर बसवलं आणि तिथे एक बटण जोडलं. आता मी उघडले की मोटर आपोआप बंद पडते. यंत्राखाली झाडायचं असलं की मुख्य स्विचला कुलूप लागतं, आणि किल्ली झाडणाऱ्या बाईच्या कमरेला असते. मी हे इतक्या तपशिलाने सांगते आहे, कारण हे सगळं आधीही करता आलं असतं. यात अवघड असं काहीच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, झालं की सगळं ठीक. नाही झालं. चाक झाकलं गेलं, पण लाज अजून चुकीच्या ठिकाणी होती. अन्नपूर्णा बरी होऊन परत आली. शेठनी तिला तांदूळ निवडायच्या कामावर बसवलं. ती उजवा हात कायम पदराखाली ठेवायची, उन्हाळ्यातसुद्धा. पाण्याला येणाऱ्या बाया विचारायच्या, पोती घेऊन येणारे शेतकरी विचारायचे, आणि तिचं उत्तर ठरलेलं असायचं: "माहीच चूक होती." ते ऐकून केवळराम हातातलं काम सोडून बाहेर निघून जायचा. त्याने तिच्या पिल्लांसाठी बांबूचं नवं डालगं आणून दिलं होतं, पण तिच्याशी नजर मिळवून बोलणं त्याला जमत नव्हतं. मॅडमचं बोलणं तिने ऐकलं होतं. पण एका दिवसाचं शहाण्या माणसाचं बोलणं एकीकडे आणि आपल्याच नवऱ्याचं एक वाक्य दुसरीकडे. जड कोणतं होतं ते तिच्या पदराकडे बघून कळायचं. मी समोरच बिजागरीवर उभी होते आणि ते रोज ऐकत होते.

असे बरेच दिवस गेले. मग नवीन हंगामात झाडलोटीच्या कामावर अल्का नावाची एक बाई आली. शेठनी अन्नपूर्णेला सांगितलं, हिला काम समजावून दे. अन्नपूर्णा तिला माझ्यापाशी घेऊन आली. मुख्य स्विच बंद करून कुलूप कुठे लावायचं, किल्ली कुठे ठेवायची ते डाव्या हाताने दाखवू लागली. पण एका हाताने कुलूप काही बसेना. तिने नकळत उजवा हात पदराखालून बाहेर काढला. अल्काची नजर त्या हातावर गेली आणि तिचा चेहरा उतरला.

"बाई वो! हे कसं काय झालं?"

अन्नपूर्णेने तोंड उघडलं. नेहमीचं उत्तर ओठांवर आलेलं मला दिसलं. केवळराम जवळच मोटरीपाशी होता, तो निघून जायला वळला. शेठ दारात उभे होते. गुलाब खांद्यावर पोतं घेऊन चालला होता. अन्नपूर्णा थांबली. तिने आपल्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्यामागे थांबलेल्या त्या चाकाकडे. ती अल्कासारखी नवीन आली होती तेव्हा तिला हे कुणी दाखवलं नव्हतं, असं काहीसं तिच्या मनात आलं असावं.

"चाक उघडं होतं," ती म्हणाली.

एवढंच. आवाज मोठा नव्हता. पण मोटर बंद होती, आणि तो सगळ्यांनी ऐकला. गुलाबने पोतं खाली ठेवलं आणि तो तसाच उभा राहिला. केवळराम बाहेर गेला नाही. शेठनी मान खाली घातली. अन्नपूर्णेने मात्र तो हात पुन्हा पदराखाली नेला नाही. तिने त्याच हाताने कुलूप दाबून बंद केलं आणि किल्ली अल्काच्या हातात दिली.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कुणी कारखान्यात जाल, कुणी शेतात मळणीयंत्र चालवाल, कुणी स्वतःच मालक व्हाल. माझी विनंती एकच आहे. कधी कुणाचा हात गेला, कुणी उंचावरून पडलं, तर त्याने असं कसं केलं, हे आधी विचारू नका. आधी विचारा, काय उघडं होतं? कुणी उघडं ठेवलं होतं? आणि कुणाला काही होण्याआधीच हे विचारता आलं तर फारच बरं. मी जागेवर असते आणि काहीच घडत नाही, तेव्हा माझ्याकडे कुणी बघत नाही. तसंच असू द्या. माझं कौतुक करायची वेळ तुमच्यावर कधी येऊ नये.